चोर, साव आणि मतपत्रिका

न्यूयॉर्कमधल्या ‘हेल्स किचन’ नावाच्या बकाल वस्तीत १९१०च्या सुमारास पोलिसांनी एका पोराला उचललं. घरात आई आणि बहिणी. कमावता तो एकटा. समाजकार्याचं शिक्षण घेऊन नुकतीच कामाला लागलेली फ्रान्सिस पर्किन्स ही तरुणी त्याच्यासाठी खटपट करत होती. आधी ती शहरातल्या एका प्रतिष्ठित धर्मादाय संस्थेकडे गेली. संस्थेच्या शिरस्त्याप्रमाणे चौकशी झाली. कुटुंब मदतीला लायक आहे का, आईची चालचलणूक कशी आहे, मुलं औरस आहेत का? एक मूल तसं नाही असं निघालं आणि प्रकरण तिथेच मिटलं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून पर्किन्स त्या भागाच्या पुढाऱ्याकडे, थॉमस मॅकमॅनसकडे गेली. मॅकमॅनस टॅमनी हॉलचा माणूस, म्हणजे सुशिक्षित न्यूयॉर्ककरांच्या लेखी चोरांच्या टोळीतला. त्याने फार चौकशा केल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरगा घरी होता.

अमेरिकेच्या इतिहासात साधारण १८९० ते १९२० या काळाला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे सुधारणेचं युग म्हणतात. या युगाची रूढ गोष्ट सरळ आहे. एकीकडे रॉकफेलरसारखे मक्तेदार, भेसळखोर कारखानदार, लाचखाऊ नगरसेवक आणि मतं विकत घेणारे वॉर्डातले दादा. दुसरीकडे शिकलेले, सचोटीचे, निःस्वार्थी सुधारक: पत्रकार, प्राध्यापक, वकील, सेवाभावी स्त्रिया. सावांनी चोरांना हटवलं आणि कायदे आले. अन्नभेसळीचा, मक्तेदारीविरोधी, कामाच्या तासांचा. या गोष्टीतला प्रत्येक तपशील खरा आहे, आणि तरीही ती फसवी आहे. त्या तीस वर्षांत सुधारणा ज्यांच्या पदरात पडली त्यांची यादी केली, तर सुधारकांना ज्यांची दया आली त्यांची नावं तिच्यात फारशी सापडत नाहीत. सापडतात ती ज्यांच्या हाती मत होतं त्यांची. ज्यांचं मत काढून घेतलं गेलं ते कोरडेच राहिले. आणि ते काढून घेण्याचं कामही पुष्कळदा ‘स्वच्छ राजकारणा’च्या नावानेच पार पडलं.

टॅमनी हॉलची वकिली करायचा माझा विचार नाही. ही न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना, आणि तिने शहर कसं लुटलं त्याचा पुरावा दगडामातीत उभा आहे. टॅमनीचा पुढारी बॉस ट्वीड याच्या काळात बांधलेल्या कोर्टाच्या इमारतीत इतके पैसे मुरले, की तिला आजही लोक ट्वीडच्याच नावाने ओळखतात. पुढच्या पिढीतला जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट हा पुढारी कोर्टाच्या आवारात बूटपॉलिशवाल्याच्या खुर्चीवर बसून एका पत्रकाराला राजकारणाचे धडे देत असे. १९०५ साली त्याचं पुस्तक निघालं. बाग कुठे होणार हे आधी कळलं तर ती जमीन स्वस्तात घ्यायची आणि नगरपालिकेला चढ्या भावाने विकायची, याला तो ‘प्रामाणिक’ कमाई म्हणे. तळं राखी तो पाणी चाखी, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. पण त्याच पुस्तकात त्याची दिनचर्याही आहे. रात्री कुणाला जामीन, पहाटे आगीत घर गेलेल्यांना निवारा, दुपारी इटालियन माणसाची अंत्ययात्रा, संध्याकाळी ज्यूंचं लग्न. या सगळ्यात कणव किती आणि हिशेब किती, हा प्रश्न त्या वस्तीतल्या कुणाला पडत नव्हता. १९१० साली न्यूयॉर्कच्या दर दहा माणसांतले चार परदेशात जन्मलेले होते. त्यांच्या दारात येणारा सरकारचा माणूस एक तर पोलिस असे, नाही तर टॅमनीचा पुढारी.

सुधारकांची बाजू लंगडी होती असं मात्र नाही. आयडा टार्बेलने रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलवर ‘मॅक्लुअर्स’ मासिकात जी लेखमाला लिहिली, ती शोधपत्रकारितेचा वस्तुपाठ आहे. कोर्टातले कागद, रेल्वे कंपन्यांनी गुपचूप दिलेल्या सवलती, बुडवलेल्या छोट्या तेलवाल्यांच्या जबान्या. तिचे वडील त्यांच्यातलेच एक. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे केले. पण अप्टन सिंक्लेअरचं काय झालं ते पाहा. तो १९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे राहिला आणि तिथल्या स्थलांतरित मजुरांच्या हालांवर त्याने ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली. १९०६ साली ती पुस्तकरूपाने आली आणि देशाला शिसारी आली. शिसारी कशाची, तर आपल्या ताटात काय येतंय याची. त्याच वर्षीच्या ३० जूनला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे एकदम झाले. तपासणीचा खर्च मांस कंपन्यांनी टाळला. तो सरकारी तिजोरीतून, वर्षाला तीस लाख डॉलर, द्यायचं ठरलं. ज्या मजुरांसाठी पुस्तक लिहिलं त्यांचे तास, पगार, तुटलेली बोटं यांबद्दल या कायद्यांत काहीही नव्हतं. लोकांच्या काळजावर नेम धरला आणि तो पोटाला लागला, अशा अर्थाचं सिंक्लेअर स्वतःच पुढे म्हणाला. मध्यमवर्गाचं पोट हे मतदाराचं पोट होतं. कत्तलखान्यातला नवखा लिथुआनियन मजूर अजून कुणाचाच मतदार नव्हता.

मग मजुरांसाठी कायदे झालेच नाहीत का? झाले, आणि सगळ्यात चांगले झाले ते न्यूयॉर्कमध्ये. ते कुणी केले हे बघण्यासारखं आहे.

२५ मार्च १९११, शनिवार, संध्याकाळी पावणेपाचचा सुमार. वॉशिंग्टन चौकाजवळच्या दहा मजली इमारतीत वरच्या तीन मजल्यांवर ट्रायँगल कंपनीचा बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना होता. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीला आग लागली. आठव्यावरचे बहुतेक सुटले, दहाव्यावरचे मालक गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेले. नवव्या मजल्यावर निरोपच पोहोचला नाही. तिथलं एक दार कुलूपबंद होतं, कारण सुटीच्या वेळी मुलींच्या पिशव्या तपासून त्यांना एकाच दाराने सोडायची पद्धत होती. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. आगीचे बंब वेळेवर आले, पण त्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. मुली खिडक्यांतून उड्या मारू लागल्या. खाली धरलेल्या जाळ्या फाटल्या. १४६ जणांचा जीव गेला, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, कित्येक विशीच्या आतल्या. इमारत मात्र ‘अग्निरोधक’ होती, आणि खरोखरच तिच्या भिंतींना फार काही झालं नाही.

मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. दार बंद होतं हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं असं सिद्ध झालं नाही. डिसेंबरात ते सुटले. विम्याची रक्कम त्यांना नुकसानीपेक्षा जास्त मिळाली, हिशेब केला तर ही जादा रक्कम दर मृतामागे सुमारे ४०० डॉलर. मृतांच्या घरच्यांना १९१४ साली दिवाणी दाव्याच्या तडजोडीत मिळाले जिवामागे ७५. त्याआधी, १९१३ साली, ब्लँक दुसऱ्या कारखान्यात दाराला कुलूप घातल्याबद्दल पुन्हा पकडला गेला होता. दंड झाला २० डॉलर.

पर्किन्स त्या दिवशी जवळच एका घरी चहाला गेली होती. आरडाओरडा ऐकून ती धावली आणि तिने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. शहरातल्या प्रतिष्ठितांनी सभा घेतली, नागरिकांची समिती नेमली. अशा समित्यांनी अहवाल लिहायचे, वर्तमानपत्रांनी छापायचे आणि विधिमंडळाने फडताळात ठेवायचे, अशी वहिवाट होती. या वेळी टॅमनीचा आमदार अल स्मिथ याने वेगळा सल्ला दिला. समिती विधिमंडळाचीच करा. आमदार बाहेरच्या सज्जनांचं ऐकत नाहीत, आपल्यातल्यांचं ऐकतात. स्मिथ शाळा अर्धवट सोडून फुल्टनच्या मासळी बाजारात काम केलेला माणूस. आपली पदवी तिथलीच, असं तो गमतीने सांगे. रॉबर्ट वॅग्नर हा टॅमनीचाच दुसरा आमदार अध्यक्ष झाला, स्मिथ उपाध्यक्ष, आणि पर्किन्स त्यांना कारखाने दाखवत राज्यभर फिरली. एके ठिकाणी तिने वॅग्नरला भिंतीतल्या एका भोकातून रांगत बाहेर काढलं. कारखानदाराच्या कागदावर ती ‘आगीच्या वेळची वाट’ होती. पलीकडे बर्फाने माखलेली शिडी, आणि तीही जमिनीच्या बारा फूट वर संपलेली. एका फळडब्यांच्या कारखान्यात पहाटे पाच-सहा वर्षांची पोरं शेंगा सोलताना त्यांनी पाहिली. पुढच्या तीन-चार वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले: दारं बाहेर उघडावीत, जिने किती असावेत, पाण्याचे फवारे कुठे बसवावेत, मुलांना किती वाजेपर्यंत राबवता येईल.

१९१२ सालच्या एका विधेयकाची हकिकत तर ऐकण्यासारखीच आहे. कारखान्यांतल्या बायकांना आठवड्याला ५४ तासांहून जास्त काम देऊ नये, असं ते विधेयक. अधिवेशनाचा शेवट जवळ आलेला. फळडब्यांचे कारखानदार आडवे आले, आणि त्यांचे कारखाने वगळले तरच ते पास होईल अशी वेळ आली. विधेयकाचा पाठपुरावा करणाऱ्या पर्किन्सला तिच्या संघटनेचा आदेश होता की सवलत मान्य करायची नाही. तिने स्वतःच्या जबाबदारीवर ती मान्य केली: चार लाख बायकांना आज मिळतंय ते उरलेल्यांसाठी अडवून धरायचं नाही. ऐन मतदानाच्या वेळी टॅमनीचा आमदार बिग टिम सलिव्हन राज्याच्या राजधानीतून न्यूयॉर्क शहराच्या बोटीकडे निघून गेला होता. त्याला निरोप गेला. जुगाराचे अड्डे आणि दारूचे गुत्ते यांवर पोसलेला म्हणून सभ्य समाज ज्याचं नाव घ्यायला कचरत असे, तो जाडजूड माणूस चढावरून धापा टाकत परत आला आणि विधेयक तरलं. माझी बहीण लहान वयात कामाला लागली होती, हे त्याने पर्किन्सला सांगितलेलं कारण. त्याच विधिमंडळात फ्रँकलिन रूझवेल्ट नावाचा एक तरुण आमदार होता: खानदानी, हार्वर्डचा पदवीधर, टॅमनीविरोधी स्वच्छ राजकारणाचा कैवारी. या विधेयकात त्याला फारसा रस नव्हता, असं पर्किन्सने पुढे त्याच्याच मंत्रिमंडळात बारा वर्षं काढल्यावर लिहिलं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ट्रायँगलमधल्या मुलींना तरी मत कुठे होतं? न्यूयॉर्कमध्ये बायकांना मत मिळालं १९१७ साली. शिवाय १९०९ सालच्या हिवाळ्यात याच धंद्यातल्या वीस हजार मुली संपावर गेल्या तेव्हा त्यांना बडवणारे पोलिस टॅमनीच्याच सरकारचे होते. टॅमनीला बहिणी आठवल्या त्या नंतर. खरं आहे. पण मधल्या काळात काय झालं? संपाने त्या मुलींची युनियन उभी राहिली. त्यांचे बाप, भाऊ, नवरे मतदार होते, आणि ते राहत त्या ईस्ट साइड वस्तीची मतं समाजवाद्यांकडे सरकायला लागली होती. आगीनंतर भर पावसात लाखो लोकांनी काढलेली अंत्ययात्रा टॅमनीचा बॉस चार्ल्स मर्फी यालाही दिसत होती. १९१४ साली त्या वस्तीने मेयर लंडन या समाजवाद्याला वॉशिंग्टनला पाठवलंच. टॅमनीला पाझर फुटला तो मतं निसटण्याच्या भीतीने, यात मला काही कमीपणा वाटत नाही. नुसत्या पाझरावर जगायची वेळ कुणावर येऊ नये, हाच तर मताधिकाराचा अर्थ.

आता दक्षिणेकडे वळू. तिथे याच वर्षांत याच सुधारणेचा उलटा प्रयोग चालला होता. मिसिसिपीने १८९० साली सुरुवात केली आणि वीस वर्षांत सगळी दक्षिण त्या वाटेने गेली: मतकर, साक्षरतेची परीक्षा, राज्यघटनेचं कलम वाचून ‘अर्थ सांगा’ असं फर्मावणारा कारकून. लुईझियानाने १८९८ साली आजोबांचं कलम आणलं. १ जानेवारी १८६७ रोजी तुमच्या बापाला किंवा आज्याला मत असेल तर तुम्हाला परीक्षा माफ. त्या तारखेला काळ्या माणसांच्या बापजाद्यांना तिथे मत नव्हतंच. १८९६ साली त्या राज्यात १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२.

हे सगळं करणारी माणसं स्वतःला सुधारकच म्हणवत. त्यांचा युक्तिवाद असा: काळ्यांची आणि अडाण्यांची मतं विकत घेतली जातात, त्यामुळे निवडणुका नासतात, ती मतंच काढून टाकली की लोकशाही शुद्ध. व्हर्जिनियातला कार्टर ग्लास हा पत्रकार-राजकारणी १९०१-०२च्या घटना परिषदेत आघाडीवर होता. आपण भेदभाव करायलाच इथे जमलो आहोत, हे त्याने तिथे आडपडदा न ठेवता सांगितलं. नवी राज्यघटना लोकांच्या कौलाला टाकलीच नाही. ती नुसती जाहीर केली. हाच ग्लास १९१३ साली फेडरल रिझर्व्ह कायद्याचा एक शिल्पकार झाला, आणि १९३३ साली बँकांना सट्ट्यापासून अलग करणाऱ्या ग्लास-स्टीगल कायद्यावरही त्याचं नाव आहे. पतपुरवठ्याचा सुधारक आणि मताधिकाराचा मारेकरी अशी दोन माणसं त्याच्यात नव्हती. जाणत्यांनी अजाणत्यांचा कारभार बघावा, ही एकच श्रद्धा दोन्ही ठिकाणी काम करत होती. प्रिन्स्टनच्या अध्यक्षपदावरून राजकारणात आलेल्या वुड्रो विल्सनने १९१३ साली राष्ट्राध्यक्ष होताच केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्या कारकुनांची विभागणी होऊ दिली ती याच श्रद्धेने. जाब विचारायला आलेल्या विल्यम मनरो ट्रॉटर या काळ्या संपादकाला १९१४ साली व्हाइट हाउसमधून बाहेर काढण्यात आलं.

बळी फक्त काळे पडले नाहीत. उत्तर कॅरोलिनात गोऱ्या गरिबांना आजोबांच्या पुण्याईने साक्षरतेच्या परीक्षेतून सूट होती, मतकरातून नव्हती. तिथल्या सूतगिरण्यांत पोरं राबत होती. लुइस हाइनच्या १९०८पासूनच्या छायाचित्रांत ती चात्यांसमोर उभी दिसतात, काही तर यंत्रावर हात पोहोचावा म्हणून त्याच्यावर चढलेली. १९१६ साली केंद्राने बालमजुरीविरोधी कायदा केला. शार्लटमधल्या डॅगनहार्ट नावाच्या गिरणी कामगाराने, म्हणजे त्याच्या पाठीशी असलेल्या मालकांनी, या कायद्याला आव्हान दिलं आणि १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. काही वर्षांनी एका पत्रकाराने डॅगनहार्टच्या रूबेन या मुलाला गाठलं. विशीतल्या रूबेनचं वजन होतं १०५ पौंड, शिक्षण राहून गेलेलं. आपण जिंकलो नसतो तर बरं झालं असतं, असं त्याचं म्हणणं पडलं.

उत्तरेतही हवा हीच होती, सौम्य रूपात. मतदाराने स्वतः जाऊन नाव नोंदवायचं, वॉर्डाऐवजी सगळ्या शहराने मिळून नगरसेवक निवडायचे, टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या धर्तीवर शहर तज्ज्ञांच्या मंडळाकडे द्यायचं. एकेक उपाय घेतला तर समंजस वाटतो, आणि त्यांच्यामुळे लाचखोरी कमीही झाली असेल. पण १८९६च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत पात्र मतदारांपैकी ७९ टक्क्यांनी मत दिलं होतं. १९१२ साली ते ५९ टक्क्यांवर आलं. त्याला आणखीही कारणं होती. पण वॉर्डातला दादा हटला की गरिबाला मतदानाला घेऊन जाणाराही हटतो, हे त्या सज्जनांच्या हिशेबात नव्हतं, की होतं?

ऐन या गदारोळात, १९१३च्या जुलैत, भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांना शिकवणारे एडविन सेलिग्मन आणि जॉन ड्यूई हे या सुधारकांतले उत्तम लोक. सेलिग्मन प्राप्तिकराचे खंदे पुरस्कर्ते. ड्यूई यांची १९०९ साली काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या आवाहनावर सही होती. या गुरूंचं ऋण आंबेडकरांनी नेहमी मानलं. पण १९१९ साली भारतातल्या मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी सुधारकांच्या सदिच्छेवर विसंबायला नकार दिला: अस्पृश्यांसाठी मताची पात्रता खाली आणा, त्यांचे प्रतिनिधी त्यांना निवडू द्या. पुढे सायमन कमिशनपुढे तर त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकारच मागितला. आधी शिक्षण, मग मत, या क्रमाने अमेरिकेच्या दक्षिणेत काय झालं ते उघड होतं.

तिकडे पर्किन्स १९३३ साली मजूरमंत्री झाली, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. वॅग्नर तोवर सिनेटर झाला होता आणि १९३५चा कामगार संघटनांचा कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी वृद्धांना पेन्शन देणारा सामाजिक सुरक्षा कायदा झाला, १९३८ साली किमान वेतनाचा. या तिन्ही कायद्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. हिशेब ठेवणं जिकिरीचं, हे कारणही तेव्हा पुढे केलं गेलं. पण दक्षिणेतले बहुसंख्य काळे मजूर याच दोन कामांत होते, त्यांना मत नव्हतं, आणि कायदेमंडळाच्या समित्यांवर दक्षिणेचे गोरे सभासद ठाण मांडून होते. मताधिकाराचा केंद्रीय कायदा १९६५ साली झाला. शेतमजुरांना किमान वेतनाच्या कायद्यात पहिल्यांदा जागा मिळाली १९६६च्या दुरुस्तीने, घरकामगारांना १९७४च्या. शेतमजुरांना ओव्हरटाइमचा हक्क त्या केंद्रीय कायद्याने आजही दिलेला नाही.